विषय : कॅरावॅनसाठीच्या आपल्या १२ व्होल्ट एलईडी दिव्यांबाबत व त्यांवर मिळालेल्या उत्तरांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक

महोदय,

आपल्या ग्राहकसेवा विभागाशी आज सकाळी झालेल्या संभाषणानंतर पुन्हा दूरध्वनी करण्यात काही अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. ज्या खोक्यावर 'कॅरावॅनसाठी खास' असे ठळक छापले आहे, त्या एमआर-१६ (छतात बसवायच्या छोट्या स्पॉटलाइटच्या आकाराच्या) दिव्यांच्या संचाविषयी ही तक्रार आहे.

माझ्या मोटर कॅरावॅनच्या छतात २० वॉटचे आठ हॅलोजन होते. ते सगळे लावले की तेरा-साडेतेरा अँपिअर प्रवाह खेचत, म्हणजे चार तासांत १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा संपत असे. त्यांच्या जागी आपले तीन वॉटचे दिवे बसवल्यावर हाच भार दोन अँपिअरवर आला, हे मी मान्य करतो. मात्र आंबोलीच्या पावसात घाट उतरत असताना, मागे बसलेली आई औषधाची पिशवी शोधत होती, तेव्हा ओट्यावरचे दिवे लुकलुकू लागले आणि विझले. नंतर बाथरूममधलाही गेला. उरलेल्यांपैकी काही ३००० केल्विनच्या उबदार पिवळसर प्रकाशाऐवजी निळसर प्रकाश देतात, पण त्याविषयी भांडण्याचे त्राण आता माझ्यात नाही.

जळालेला एक दिवा मी उघडून पाहिला. आत एकामागोमाग जोडलेले तीन एलईडी आणि एक रोधक (रेझिस्टर), एवढाच संसार होता. तीन एलईडी मिळून सुमारे नऊ व्होल्ट घेतात आणि उरलेला विद्युतदाब (व्होल्टेज) रोधकावर पडतो, त्यामुळे पुरवठा १२ वरून १४.४ व्होल्टवर गेला की प्रवाह दीडपटीच्या वर जातो आणि दिवा तापून मरतो. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत जाते आणि इंजिन चालू असताना त्यावर फिरणारे जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, चौदा व्होल्टच्या आसपास दाब देतो, हे कॅरावॅनसाठी खास दिवे बनवणाऱ्या कंपनीला मी सांगावे लागू नये.

पण सांगावे लागले. आपल्या प्रतिनिधीने मला ऐकवले, "सर, दिव्यावर बारा व्होल्ट लिहिलंय. तुमच्या गाडीत चौदा येत असतील तर गाडी गॅरेजला दाखवा." रस्त्यावरच्या कुठल्याही सुस्थितीतील १२ व्होल्ट गाडीत हेच मोजमाप मिळेल, असे मी शांतपणे म्हटल्यावर त्यांनी मला बराच वेळ सनई ऐकवली आणि मग वरिष्ठांकडे फोन दिला. वरिष्ठांचा पहिला प्रश्न होता, "इंजिन चालू असताना आतले दिवे लावताच कशाला?" गाडी उभी असतानाही सौर पॅनेलचा कंट्रोलर हाच दाब देतो, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "मग दिवसा दिवे कशाला?" बाथरूमला खिडकी नाही, हे मी सांगितले. यावर काही क्षण विचार करून त्यांनी घरच्या फ्रिजला लावतात तसा स्टॅबिलायझर बसवण्याचा सल्ला दिला आणि तो परवडत नसेल तर इन्व्हर्टर घेऊन २३० व्होल्टचे घरगुती बल्ब वापरा, असेही सुचवले. कॅरावॅन विकून लॉजवर उतरा, एवढे मात्र ते म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. शेवटी, "जास्त व्होल्टेजमुळे खराबी" असा शेरा मारून त्यांनी दोन वर्षांची वॉरंटी नाकारली.

पुन्हा विचारतो : जो दिवा इंजिन चालू असताना लावायचा नाही आणि ऊन असताना लावायचा नाही, तो कॅरावॅनसाठी खास कसा? १० ते ३० व्होल्टपर्यंत स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट, असलेले दिवे बाजारात सहज मिळतात. ते थोडे महाग असतात, आणि नेमके तेवढेच पैसे आपण वाचवले आहेत. राज्याने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर आपल्याकडचा एखादा उत्पादक या कामात मनापासून उतरेल, अशी माझी आशा होती आणि म्हणूनच परदेशी दिवे न मागवता मी आपले घेतले. त्या आशेची आपण चांगलीच किंमत वसूल केली.

मला असा ड्रायव्हर असलेले आठ दिवे किंवा संपूर्ण रक्कम परत हवी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि तेथे दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ही तक्रार मला माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही, तेव्हा मी कंटाळेन या भरवशावर आपण राहू नये.

जळालेले दिवे खोक्यासह माझ्याकडे आहेत. ते नेण्यासाठी कोणाला पाठवणार असाल, तर त्याला आधी मल्टिमीटर वाचायला शिकवून पाठवावे.

आपला,
एक ग्राहक