झाकण तुमच्या बॅगेत बघ

बडोदा,
मंगळवार

प्रिय चिमे,

पोचल्याचा मेसेज मिळाला. तू गुंड्याला घेऊन परत गेल्यापासून घर खायला उठतंय. ओट्याखालचं कपाट अजून रिकामंच आहे, डबे परत लावायचं मन होत नाही.

तू चिडलीस तेही खरंच. एवढी महागाची गाणारी गाडी घेतलीस आणि पोरगं भांडी घेऊन बसतं. पण अगं, त्या गाडीला बटण एकच. दोनदा दाबलं, गाणं झालं, संपली गाडी. तिच्या खोक्यात मात्र तो अर्धा तास बसला होता.

गुरुवारी दुपारी तुझा डोळा लागला होता तेव्हाची गंमत सांगते. मी कणीक मळत होते आणि हा खाली, तुझ्या आज्जीचे ते एकात एक बसणारे पाच डबे घेऊन. लहान झाकण मोठ्या डब्यावर ठेवलं, ते आत पडलं. टण्ण! डोकं घालून पाहिलं, हात घालून काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा टण्ण. नऊपर्यंत मोजलं, मग माझी कणीक सैल झाली. सात-आठ महिन्यांपर्यंत नजरेआड झालेली वस्तू मुलं सहसा शोधायलाच जात नाहीत. हा चौदा महिन्यांचा, याला आत झाकण आहे हे पक्कं ठाऊक, तरी दर वेळी खात्री करून घ्यायची! शेवटी बरोबर झाकण बसलं. मी टाळ्या वाजवणार तोच साहेब चाळणीकडे वळले.

होम सायन्सला असताना आम्हांला कॉलेजच्याच चेतन बालवाडीत मुलांच्या निरीक्षणाला बसवायचे. पहिला नियम, तोंड बंद. मुलाला ‘असं नाही, असं’ म्हणायचं नाही. वर्गात बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांचंही शिकलो होतो. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून पुढे 1945 साली त्यांनी बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम उभं केलं, तिथे पानं, बिया, शिंपले हीच साधनं. परीक्षेत पानभर लिहिलं, आणि तू वर्षाची झालीस तेव्हा तुझ्या हातातून पळी काढून खुळखुळा दिला! तू तो मोरीत टाकलास.

बिया-शिंपले मात्र गुंड्याला अजून नकोत. किचन रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, ते तीन वर्षांपर्यंत हातात द्यायचं नाही. चणे, सुपारी, बाटलीची बुचं, सगळंच. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या चालतील, पण तीनदा घास. मी दोनदाच घासल्या, तर हिंगाच्या वासानं शिंकून शिंकून बेजार झाला. रिमोट त्याला फार आवडतो, पण आत बटणासारखा चपटा सेल असेल तर अजिबात नको. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. आणि बाथरूममधली बादली उपडी ठेवत जा, चार बोटं पाणीसुद्धा या वयात घातक.

वाटी खाली टाकतो म्हणून रागावू नकोस. लाकडी पाट, सतरंजी, फरशी, तिन्हीवर वेगळी वाजते, तेच तो ऐकतो. खालचे शेजारी काय म्हणतील ते तू बघ बाई.

आणखी एक. पाचातल्या सगळ्यांत लहान डब्याचं झाकण सापडत नाही. निघायच्या सकाळी तो तुमच्या निळ्या बॅगेपाशी घुटमळत होता. बघ जरा. तीळ उघडे पडलेत.

तुझी,
आई