तोंडी हिशोबाचं जरा सांगतो

प्रिय संत्या,

तुझा मेसेज वाचला. बँक क्लार्कच्या प्रीलिमला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, 20 मिनिटांत 35 गणितं म्हटल्यावर डोकं फिरणारच, त्यात चुकलं की पाव मार्क कट. पण तुझा स्पीड कमी नाहीये रे, तू कागदावरची रीत डोक्यात चालवतोस तिथे घोळ होतो. कागदावर एककापासून सुरुवात ठीक आहे, डोक्यात मात्र हातचे सांभाळण्यातच दम निघतो. डावीकडून जा ना. 368 मध्ये 275 मिळवायचेत, तर 568, 638, 643, संपलं.

दुसरं म्हणजे पावकी-निमकी, पाव-अर्ध्याचे जुने पाढे. माझे आजोबा सवायकी, दिडकी, अडीचकी, पार औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा घडाघडा म्हणायचे आणि आपण फिदीफिदी हसायचो, पण टक्केवारीची कितीतरी गणितं हीच तर आहेत. 75 टक्के म्हणजे पाऊणकी, 125 टक्के म्हणजे सवायकी. 25 ने गुणायचंय? 47 चा पाव पावणेबारा, त्याचे शंभरपट 1175. औटकी नको पाठ करूस, पाव-अर्धा-पाऊण जिभेवर असलं तरी बास.

जीएसटीचे 18 टक्के हमखास विचारतात. आधी 20 टक्के काढ आणि त्यातून त्याचाच दहावा भाग उडव. 2350 चे 470, त्यातून 47 गेले, 423. आणि 50 चे 18 टक्के विचारले तर सरळ 18 चे 50 टक्के काढ, 9, उत्तर तेच येतं.

क्लासवाले वैदिक म्हणून 63 गुणिले 67 करून दाखवतात ना, दशकाचा 6 आणि त्याच्या पुढचा 7, सहा साते 42, मग एककांचे तीन साते 21, उत्तर 4221. भारी वाटतं, पण दशक सारखा आणि एककांची बेरीज 10 असेल तरच चालतं, असे जुळलेले आकडे पेपरात कितीसे येणार! त्यावर रात्री जागू नकोस.

त्यापेक्षा नवाचा ताळा शीक, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून उत्तर तपासायचं. मघाचंच 47 गुणिले 25 घे. 47 चे अंक मिळवून 11, म्हणजे 2. 25 चे 7. दोन साते 14, म्हणजे 5. आता 1175 चे अंक मिळव, 14, परत 5, ताळा जुळला. फक्त घाईत 1157 टिक केलंस तरी हा जुळतोच, अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही, म्हणून शेवटचे दोन अंक पण बघत जा, 25 च्या पटीत शेवटी 57 येईलच कसं.

रविवारी फोन करतो. तोवर 48 गुणिले 175 कागदाशिवाय करून ठेव, एकशे पंचाहत्तर न म्हणता पावणेदोनशे म्हणून बघ.

तुझा,
पम्या