विमानतळावरील धूम्रपान: काचेच्या खोलीऐवजी मोकळा सज्जा हवा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मोठ्या विमानतळावर धूम्रपान करणाऱ्या प्रवाशाने नेमके कुठे जावे, हा प्रश्न वाचकांच्या पत्रांत क्वचितच येतो, आणि आला तरी ‘सिगारेट सोडा’ एवढ्यावर निकालात काढला जातो. मी स्वतः धूम्रपान करीत नाही. सिगारेटच्या धुराने मला दम लागतो. तरीही, किंबहुना म्हणूनच, विमानतळांनी या प्रवाशांसाठी सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूला, परंतु छताखाली नव्हे तर मोकळ्या हवेत, जागा ठेवावी आणि ती कुठे आहे हे आडपडदा न ठेवता सांगावे, असे मला वाटते.

विमानाच्या आत बंदी हवीच, याविषयी आता वाद उरलेला नाही. ११ जुलै १९७३ रोजी व्हारिग कंपनीच्या विमानात प्रसाधनगृहात आग लागली, पॅरिसच्या ओर्ली विमानतळाजवळच्या शेतात ते तातडीने उतरवावे लागले आणि १२३ जणांचा जीव गेला. त्यांतील बहुतेक जण धुराने गुदमरले होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९२ मध्ये ठराव करून १ जुलै १९९६ पर्यंत सर्व आंतरराष्ट्रीय उड्डाणे धूम्रपानमुक्त करण्याचे उद्दिष्ट सदस्य देशांपुढे ठेवले आणि पुढील काही वर्षांत ते बव्हंशी साध्यही झाले. मात्र एवढी कडक बंदी असूनही विमानाच्या प्रसाधनगृहाच्या दारावर रक्षापात्र आजही बसवलेले असते आणि नियमानुसार ते असावेच लागते. बंदी मोडून कोणी सिगारेट पेटवलीच, तर तिचे थोटूक कागदी रुमालांच्या टोपलीत जाऊ नये, हा त्यामागील साधा विचार. नियम करणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव गृहीत धरला. हे शहाणपण विमानातून उतरून टर्मिनलमध्ये आले की कुठे हरवते, हे कळत नाही.

विमानतळाची रचना सुरक्षा तपासणीच्या रेषेने दुभंगलेली असते. रेषेबाहेर, म्हणजे टर्मिनलच्या दारापुढे, धूम्रपानाला बहुतेक ठिकाणी कुठे ना कुठे मुभा असते. रेषेच्या आत ती असेलच असे नाही. शहरातून येणाऱ्या प्रवाशाला याचा फारसा त्रास होत नाही, कारण तो आत शिरण्यापूर्वी आपली तलफ भागवू शकतो. अडचण होते ती एका विमानातून उतरून दुसऱ्याची वाट पाहणाऱ्याची. चौदा-पंधरा तासांचे उड्डाण संपवून तो येतो, पुढच्या विमानाला चार तास असतात आणि बाहेर जायचे तर इमिग्रेशन ओलांडावे लागते. त्या देशाचा व्हिसा नसेल तर तो मार्गच बंद. व्हिसा असला तरी परत येताना पुन्हा रांग, पुन्हा पट्टा आणि बूट काढणे, पुन्हा ट्रे. रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे एवढ्या वेळानंतर हा मनुष्य कोणत्या अवस्थेत असतो, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्या कोणालाही सांगता येईल. त्याच्यावर दया दाखवा असे माझे म्हणणे नाही. त्याला वाट दिली नाही तर तो स्वतःच एखादी वाट शोधतो, आणि ती नेमकी माझ्या वाटेत येते.

ती वाट बहुधा प्रसाधनगृहाची असते. एका मोठ्या विमानतळावर गेटजवळच्या प्रसाधनगृहात शिरताच मला धुराचा वास आला. आतल्या एका बंद दाराच्या वरून निळसर धूर येत होता, छतावरील धूरशोधक यंत्राला कोणीतरी प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती आणि सफाई कर्मचारी दाराशी मॉप टेकवून तो गृहस्थ बाहेर येण्याची वाट पाहत उभी होती. त्या टर्मिनलमधील धूम्रपान कक्ष बंद केल्याची पाटी जवळच्याच भिंतीवर होती. पर्यायी जागेचा उल्लेख तिच्यावर नव्हता. धूरशोधकाला पिशवी गुंडाळणे हा खोडसाळपणा खराच आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण ही वेळ येईल हे कक्षाला कुलूप लावणाऱ्यांना कळायला हवे होते.

आता काचेच्या खोल्यांविषयी. अनेक विमानतळांनी गेटांच्या रांगेतच अशी खोली उभारून प्रश्न सुटल्याचे मानले. सरकते दार, मध्ये वाळूने भरलेले उंच रक्षापात्र, भिंतीवर विजेचा लायटर, कारण खिशातला लायटर बऱ्याच ठिकाणी तपासणीतच काढून घेतला जातो, आणि वर एक्झॉस्टची जाळी, जिचा मूळ रंग कोणता होता हे सांगता येऊ नये इतकी ती पिवळी पडलेली. आतली माणसे धुरात बुडालेली आणि बाहेरच्या बाकांवर लहान मुले. दार उघडले की धुराचा एक लोट बाहेर येतो, आणि सिगारेट संपवून आलेला माणूसही पुढची काही पावले धूरच सोडत चालतो.

असा कक्ष नीट बांधता येतो, हे मान्य. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत तो कसा असावा हे स्पष्ट लिहिले आहे: चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, एरवी बंद राहणारे स्वयंचलित दार, आतील हवा थेट इमारतीबाहेर टाकणारी आणि इतर हवेत पुन्हा न मिसळणारी यंत्रणा, तसेच बाहेरच्यापेक्षा कमी दाब, जेणेकरून दार उघडल्यावर हवा आत जावी, बाहेर येऊ नये. जपानने एप्रिल २०२० पासून पूर्णपणे लागू केलेल्या कायद्यात तर दारातून आत शिरणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला किमान ०.२ मीटर असावा, असे मोजमापच दिले आहे. मात्र गर्दीच्या वेळी दार जवळजवळ सतत उघडेच असते, पंख्याची जाळी वेळच्या वेळी साफ होत नाही आणि दाबातील फरक कोणी नियमित मोजत असेल, असे त्या खोलीकडे पाहून तरी वाटत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील मोठ्या विमानतळांची मोजणी प्रसिद्ध केली. धूम्रपानाला परवानगी असलेल्या पाच विमानतळांवरील अशा जागांमध्ये हवेतील सूक्ष्म कणांचे सरासरी प्रमाण धूम्रपानमुक्त विमानतळांच्या २३ पट होते, आणि या जागांच्या लगत, म्हणजे तुम्ही-आम्ही बसतो तिथे, ते पाच पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातील आठव्या कलमाची मार्गदर्शक तत्त्वे २००७ सालीच स्वीकारली गेली. वायुवीजन, गाळणी किंवा वेगळा कक्ष यांनी परक्या धुरापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही, असे त्यांत म्हटले आहे.

शिवाय या खोलीत कोणाला तरी झाडू घेऊन जावे लागते. प्रवासी दहा मिनिटे थांबतो. सफाई कर्मचारी पाळीत किती वेळा आत जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि ही माणसे बहुधा कंत्राटी असल्याने त्यांचे म्हणणे ऐकायलाही कोणी नसते. काही विमानतळांवर तर अशी खोली सिगारेट कंपनीच्या नावाने आणि खर्चाने सजवलेली असते. सार्वजनिक इमारतीत जाहिरातीच्या बदल्यात घेतलेली ही सोय मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते.

म्हणून हे कक्ष बंद होत आहेत, यात गैर काहीच नाही. थायलंडने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या सहा आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या इमारतींतील कक्ष हटवले, आणि जगातील अत्यंत गजबजलेल्या अटलांटा विमानतळावरील कक्ष जानेवारी २०२० मध्ये बंद झाले. चूक होते ती यानंतर. कक्ष बंद केला की प्रशासनाला आपले काम संपले असे वाटते, आणि तपासणीच्या आत अडकलेला प्रवासी प्रसाधनगृहाकडे वळतो.

यावर उपाय म्हणजे मोकळा सज्जा किंवा गच्ची. सिंगापूरच्या चांगी विमानतळाने तपासणीच्या आतल्या भागात धूम्रपानासाठी उघड्या हवेतील जागा ठेवण्याचा प्रघात पाडला आणि तो व्यवहार्य ठरला. धूर वर जातो, सफाई करणाऱ्याला तो कमी लागतो आणि दाबाच्या यंत्रणेची देखभाल करावी लागत नाही. दोन दारांमधली छोटी मोकळी जागा ठेवली, म्हणजे एक दार मिटल्याशिवाय दुसरे उघडणार नाही अशी सोय केली, की टर्मिनलमध्ये धूर शिरण्याचा प्रश्नही फारसा उरत नाही.

विमानतळ चालवणारे यावर हरकती घेतात आणि त्या पोकळ नाहीत. सज्ज्यावरून फेकलेली वस्तू विमाने उभी राहतात त्या फरसबंदीवर पडली तर ती इंजिनात ओढली जाऊ शकते. जवळच इंधन भरणे चालू असेल तर ठिणगीचा धोका असतो. आणि बाहेरून कोणी तपासणी न झालेली वस्तू आत पोहोचवू शकते. त्यामुळे सज्जा विमानांच्या बाजूला नकोच. तो आतल्या चौकात किंवा छतावर असावा, त्याला पुरेशा उंचीची भिंत आणि वर बारीक जाळी असावी, रक्षापात्रे जमिनीला घट्ट बसवलेली असावीत आणि कॅमेऱ्याची नजर असावी. नव्या टर्मिनलच्या आराखड्यात हे सुरुवातीलाच धरले तर त्याचा खर्च एखाद्या अत्तराच्या दुकानाच्या सजावटीहून जास्त येऊ नये. जुन्या इमारतींत ते अवघड जाईल. तिथे जोवर सज्जा होत नाही तोवर नियमाबरहुकूम बांधलेला आणि गेटांच्या बाकांपासून दूर असलेला एखादा कक्ष चालू ठेवणे मी नाइलाजाने मान्य करीन, मात्र त्याच्या हवेच्या मोजणीचा ताजा तक्ता दारावर लावलेला असावा.

टर्मिनलबाहेरची व्यवस्थाही फार चांगली नसते. ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी, आत शिरणाऱ्या माणसांच्या ऐन वाटेत रक्षापात्र ठेवलेले असते, आणि स्वयंचलित दार उघडले की तो धूर आत ओढला जातो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००५ साली संमत झालेल्या कायद्यानुसार सार्वजनिक इमारतीचे दार, उघडणारी खिडकी आणि हवा आत घेणारा झरोका यांपासून २५ फूट अंतर राखावे लागते. झरोक्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण दारापासून दूर सरकवलेले रक्षापात्र नेमके वातानुकूलन यंत्रणेच्या तोंडाशी नेऊन ठेवण्याची करामत होऊ शकते.

ई-सिगारेटचा मुद्दा थोडक्यात मांडतो. तिची वाफ निरुपद्रवी समजून गेटवर बसल्या जागी ती ओढणारे दिसतात. तिलाही सिगारेटचेच नियम लावले जावेत. सिंगापूरसारख्या काही देशांत ती जवळ बाळगणेही गुन्हा आहे, ही गोष्ट तिकीट घेतानाच कळायला हवी. शिवाय तिच्यातील बॅटरीमुळे ती चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाही, याचा अनेकांना पत्ताच नसतो.

राहिला प्रश्न माहितीचा. विमानतळाच्या नकाशावर औषधांचे दुकान, प्रार्थनेची खोली आणि बाळाला दूध पाजण्याची जागा दाखवलेली असते. धूम्रपानाची जागा मात्र असली तरी शोधावी लागते आणि नसली तर तसे कुठेही म्हटलेले नसते. ‘तपासणीनंतर या टर्मिनलमध्ये धूम्रपानाची सोय नाही’ एवढे एक वाक्य तपासणीच्या रांगेपूर्वी आणि विमान कंपनीने पाठवलेल्या बोर्डिंग पासावर छापले, तर कितीतरी प्रवासी वेळीच बाहेर थांबतील, आणि ट्रान्झिट प्रवासी निकोटीनचा च्युइंगगम किंवा पट्टी सोबत घेऊन निघतील. या वाक्याला ना आराखडा लागतो ना कंत्राट. ज्या विमानतळांनी कक्ष बंद केले आहेत, त्यांनी ते आजच छापावे.

आपला विश्वासू,
एक प्रवासी वाचक