शमा, आईने गोळ्या बंद केल्या होत्या

डिचोली,
शुक्रवार, रात्री उशिरा

प्रिय शमा,

चवथीनंतर आज लिहितेय. दहा महिने झाले, रागावली असशील तर तुझा हक्कच आहे. मी बरी आहे, पाठ अधूनमधून दुखते, बाबांचा गुडघा तसाच. पण आज आईला इस्पितळातून घरी आणलं, आणि त्यामागचं दुखणं तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

दोन महिने ती मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, घेतच नव्हती. पट्ट्या तांदळाच्या डब्यामागे सापडल्या. त्याऐवजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सप्तरंगीची मुळं आणून दोन्ही वेळ काढा पीत होती. उपाशीपोटी साखर ३१२. आणि तिला काढ्याकडे मीच वळवलं गे.

प्रयोगशाळेतली मार्चमधली रात्र. तुला माहीत आहे ती खळग्याखळग्यांची प्लेट कशी दिसते. पिठूळ अन्नाची साखर करणाऱ्या एन्झाइमने काम केलं की पिवळा रंग सुटतो, अडवलं की सुटत नाही. ॲकार्बोज, म्हणजे त्या एन्झाइमला अडवणारं मधुमेहाचं औषध, त्याच्या खळग्यात पिवळंधमक, सप्तरंगीची ओळ जवळपास पाण्यासारखी. यंत्रावर त्या रंगाचं तीनदा रीडिंग घेतलं. हात थरथरत होते. त्याच रात्री आईला फोन करून म्हटलं, आपली मुळी औषधाला मागे टाकते.

तू मला आधीच बजावलं होतंस! ते यीस्टचं एन्झाइम आहे, माणसाच्या आतड्यातलं नव्हे. ॲकार्बोज यीस्टच्या एन्झाइमवर मुळातच लंगडं पडतं, आतड्यातल्या एन्झाइमवर ते जोरात चालतं. मग लंगड्याशी शर्यत जिंकून काय? आतड्यातल्या एन्झाइमवर तपासायला उंदराच्या आतड्याची पावडर मागवण्यावरून आपण चार दिवस बोललो नव्हतो. शेवटी सरांनी भाजी-पाव खाऊ घालून मिटवलं. पावडर मात्र मेमध्ये आली, आणि तिच्यावर माझी सप्तरंगी ॲकार्बोजच्या बरीच मागे पडली. मग यीस्टच्या एन्झाइममध्ये थोडं ट्रायटन, ते साबणासारखं द्रव्य, घालून पाहिलं, तर सप्तरंगीचा तिथलाही जोर बराचसा उतरला. अर्कातली तुरट द्रव्यं, टॅनिनं, एन्झाइमला नुसती चिकटत होती. ती कुठल्याही प्रथिनाला चिकटतात.

वनस्पतीवर माझा अजूनही विश्वास आहे. तिच्याच कुळातल्या श्रीलंकेच्या झाडातून जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये तसंच एन्झाइम अडवणारं सालासिनॉल वेगळं काढलं, तिथे त्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून पितात. मेटफॉर्मिनचं मूळही गलेगा नावाच्या झुडपापर्यंत जातं. पण आईला हे कसं समजावू, की मी तपासलं ते फक्त पिठूळ अन्नाची साखर होण्याचं दार? तिची उपाशीपोटीची साखर रात्रभर यकृत बनवतं, आणि मेटफॉर्मिन तिथेच आवर घालतं. काढा उत्तम निघाला असता तरी त्या गोळीची जागा त्याला घेता आली नसती. हे मला मार्चमध्येही ठाऊक होतं. फोनवर मी ते बोलले नाही, कारण तिचा आवाज इतका आनंदला होता.

आठवतं, अंजूने जिभेची गोड चव घालवणारा गुडमारचा पाला चघळून लगेच नेवरी तोंडात टाकली आणि ‘काकू, आत माती भरलीत का’ म्हणाली? आज इस्पितळात आईच तो किस्सा परिचारिकेला सांगत होती. सगळा वॉर्ड हसला. मला रडू आलं.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, ‘मग तुझं ते सगळं फुकट गेलं का?’ माझ्यावर जराही राग नव्हता तिचा. मी म्हटलं, घरी जाऊन सांगते. आता ती झोपलीय आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला लिहितेय.

तुझं घर लागलं का? पिहूचा दात आला का? तिला माझा मुका दे, सासूबाईंना नमस्कार. फोटो पाठव, माफ केलंस तर जास्त पाठव.

एक काम कर ना. रविवारी आईला फोन कर. तुझं ती ऐकते. गोळ्यांबद्दल नको, ते डॉक्टरांनी सांगितलंय. उंदराच्या आतड्याचं तू तिला सांग. मी सांगायला लागले की माझा घसा दाटतो.

तुझीच,
सुमी