जहाजवाल्यांची सहल की आपली आपण?

ती. आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही क्रूझच्या मोठ्या जहाजानं फिरायला निघालो होतो, आणि वाटेतल्या बेटावर पाकटं (इंग्रजीत स्टिंगरे, ते चपटे मासे) बघायची सहल जहाजवाल्यांकडून घ्यायची की तिथल्या बोटवाल्याकडून आपली आपण ठरवायची, असा प्रश्न होता. त्यावर त्या दिवशी फोनवर बाबांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "जहाजवाल्यांचीच सहल घ्या, परक्या मुलखात शहाणपणा नको." चिऊ शेजारी किंचाळत होती म्हणून मी वाद घातला नाही, पण आम्ही जहाजवाल्यांची सहल घेतली नाही. सगळे धडधाकट परत आलोय. एप्रिलमध्ये तुम्ही आलात की आपण याच बेटावर जाणार, तेव्हा हा विषय पुन्हा निघणार. बाबांना फोनवर काही पटवणं मला जन्मात जमलेलं नाही, म्हणून हे पत्र.

बेटाचं नाव ग्रँड केमन. क्युबाच्या दक्षिणेला, जमैकाच्या वायव्येला. ब्रिटनच्या ताब्यातला मुलूख, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं. जॉर्ज टाऊन ही राजधानी, पण एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला तिथे धक्काच नाही. जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. या बोटींना इथे टेंडर म्हणतात. मालवणच्या जेटीवरून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांची रांग डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे रांगेतल्या माणसाच्या हातात नंबराचं तिकीट असतं.

आता मुख्य गोष्ट. बेटाच्या उत्तरेला नॉर्थ साउंड नावाची मोठी उथळ खाडी आहे. तिच्या तोंडावर प्रवाळाचा बांध, त्यामुळे बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत पाणी बरंचसं शांत. पूर्वी मच्छीमार बाहेरून आले की याच शांत पाण्यात थांबून मासळी साफ करायचे आणि आतडी, शंखातला टाकाऊ भाग तिथेच टाकायचे. त्यावर पाकटं जमायला लागली. हळूहळू इंजिनाचा आवाज आला की खाणं आलं, हे त्यांना कळलं. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हातानं भरवायला सुरुवात केली आणि बघता बघता त्याचं स्टिंगरे सिटी झालं. एक जागा खोल आहे, पाणबुड्यांची. दुसरा वाळूचा उथळ दांडा, तिथे कमरेएवढ्या पाण्यात आपण उभे आणि भोवती पाकटं फिरतायत. आपण दुसऱ्या जागेबद्दल बोलतोय.

आई, तू लगेच म्हणालीस की रापणीत पाकट आलं की माणसं आधी त्याच्या शेपटीकडे बघतात, आणि हिला त्यांच्यात जाऊन उभं राहायचंय! शिवाय तुला तो ऑस्ट्रेलियातला मगरीवाला, स्टीव्ह अर्विन, आठवला. २००६ साली तो पाकटाच्या शेपटीवरच्या विषारी काट्यानंच गेला हे खरं. पण ते पाकट वेगळ्या जातीचं आणि पूर्ण रानटी होतं, आणि काटा थेट छातीत गेला होता. केमनच्या पाकटांनाही काटा असतोच, कुणी काढलेला नाही. पण ती स्वतःहून काटा मारायला येत नाहीत, अंगावर पाय पडला तर वापरतात. म्हणून बोटीवर पहिली शिकवण हीच की पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून घसटत चालायचं. पायाची चाहूल लागली की ती आपणहून बाजूला होतात. पायात काही घालायचं नाही, अनवाणीच उतरायचं, म्हणजे चुकून पाय लागलाच तरी त्यांना इजा कमी. आणि लागलाच काटा तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कारण ते विष उष्णतेनं निकामी होतं. मग डॉक्टर.

बाबा, आता तुमचा प्रश्न. जहाजवाल्यांच्या सहलीत एक गोष्ट सोळा आणे खरी आहे. त्यांच्या सहलीची बोट उशिरा आली तर जहाज थांबतं. आपली आपण गेलो आणि उशीर झाला तर जहाज सुटतं, आणि पुढच्या बंदरापर्यंतचं विमान आपल्या खिशातून. शिवाय टेंडरवर पहिला नंबर त्यांच्या सहलीवाल्यांचा. त्यांची माणसं गटागटानं उतरून गेली, आम्ही तिकीट हातात धरून बसलो होतो.

मग तरी का नाही घेतली? पैसे हे एक कारण आहेच. जहाजावर माणशी ८० डॉलरच्या पुढे, बाहेर ५०च्या आत. पण तेवढ्यासाठी मी तुमच्याशी भांडले नसते. खरं कारण बोट. जहाजवाल्यांच्या सहलीत एका बोटीत साठ-सत्तर माणसं होती. शिडी एक. निम्मा वेळ उतरण्यात आणि चढण्यात जातो आणि चिऊसारख्या पोराकडे बघायला कुणाला सवड नसते. आम्ही घेतली त्या बोटीत जेमतेम डझनभर माणसं आणि दोन खलाशी. त्यातला एक सगळा वेळ पाण्यात आमच्याबरोबर होता.

दुसरं कारण गर्दीची वेळ. बंदरात कोणत्या दिवशी किती जहाजं येणार हे आधीच कळतं, तिथल्या बोटवाल्यांना तर तोंडपाठ असतं. एका दिवशी चार-पाच जहाजं असली की त्या दांड्यावर माणसांची जत्राच. मी चौघांना विचारलं, "त्या दिवशी किती जहाजं आहेत आणि तुम्ही गर्दी कशी टाळता?" दोघांनी उत्तरच दिलं नाही, नुसती पैसे भरायची लिंक पाठवली. एकानं सविस्तर लिहिलं की आम्ही सकाळी लवकर दांडा करतो आणि प्रवाळाकडे नंतर जातो, म्हणजे मोठ्या बोटी यायच्या आत आपण निघालेले असतो. त्याचंच नक्की केलं.

चौथ्याला मी दुसऱ्याच कारणानं वगळलं. त्याच्या जाहिरातीत पाकट दोन्ही हातांनी पाण्याबाहेर उचलून धरलेल्या पाहुण्यांचे फोटो होते. त्यांना पाण्याबाहेर काढायला तिथे कायद्यानं बंदी आहे. जो माणूस फोटोसाठी तो नियम मोडतो तो लाइफ जॅकेटं मोजून घेत असेल यावर माझा विश्वास बसेना.

आणि घड्याळ. हे तुमच्यासाठी खास लिहितेय, बाबा, कारण एसटीत आयुष्यभर कंट्रोलरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला यातली गंमत कळेल. केमनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, फ्लोरिडात करतात. म्हणजे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बेट फ्लोरिडाच्या एक तास मागे. आमच्या जहाजानं आपलं घड्याळ बदललं नाही, फ्लोरिडाचीच वेळ ठेवली. शेवटचं टेंडर साडेतीनला असं जहाजावर लिहिलेलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या घड्याळात अडीचच वाजलेले असणार. मोबाइल तर बेटाचा सिग्नल मिळाला की गुपचूप बेटाची वेळ दाखवायला लागतो. जावईबापूंनी मनगटावर जुनं घड्याळ बांधलं, त्यावर जहाजाची वेळ, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. बोटवाल्याला मी लेखी विचारलं, तुम्ही सांगताय ती वेळ कुणाची? त्यानं कळवलं, बेटाची, साडेबाराला परत. म्हणजे जहाजाचे दीड. मध्ये दोन तास मोकळे. तुम्हीच सांगायचात ना, शेवटच्या गाडीच्या भरवशावर घरून निघू नये? शेवटच्या टेंडरलाही तेच लागू.

आणखी एक विचारून ठेवलं होतं, जहाज त्या बंदरात थांबलंच नाही तर काय? असं होतं. जॉर्ज टाऊन पश्चिम किनाऱ्यावर उघडं आहे. तिकडून लाटा आल्या की जहाजं दक्षिणेकडच्या स्पॉट्सच्या धक्क्याकडे माणसं उतरवतात, नाहीतर बेट सोडून पुढे जातात. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारे आले की हे जास्त होतं, म्हणूनच तुमचं मी जानेवारीऐवजी एप्रिलचं बघतेय. जहाजवाल्यांच्या सहलीचे पैसे अशा वेळी आपोआप परत येतात. आमच्या बोटवाल्यानंही जहाज न आल्यास पूर्ण पैसे परत असं लिहून दिलं, आणि स्पॉट्सला उतरलात तर तिथून गाडी पाठवतो असंही. हे लेखी नसेल तर मी कुणालाही आगाऊ पैसे देणार नाही, मग तो कितीही गोड बोलो. पासपोर्ट मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवले. जहाज सुटलंच तर भारतीय पासपोर्टशिवाय तिथे अडकून पडायची माझी तयारी नव्हती.

प्रत्यक्षात काय झालं ते आता. टेंडरमधून उतरलो, फाटकाबाहेर एक बाई नावाची पाटी घेऊन उभी. व्हॅननं धक्क्यावर, तिथून बोटीनं खाडीतून अर्धा तास. पाण्याचा रंग बदलत बदलत एकदम फिक्का झाला आणि खाली काळ्या सावल्या फिरताना दिसायला लागल्या. चिऊनं बाबाच्या गळ्याला घट्ट मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

खलाशानं एका मोठ्या मादीला हातांवर अलगद तोललं, पाण्यातच. माद्या नरांपेक्षा खूप मोठ्या असतात, ही तर आपल्या स्वयंपाकघरातल्या चौरंगापेक्षा रुंद होती. डोळे पाठीवर, त्यांच्या मागे दोन भोकं, त्यातून ती पाणी आत घेते. ती भोकं सारखी उघडमीट करत होती. तोंड खाली, पोटाच्या बाजूला, त्यामुळे आपण काय भरवतोय ते तिला दिसत नाही, नुसत्या वासावर येते. स्क्विडचा तुकडा मुठीत धरायचा, अंगठा आत दुमडून, आणि मूठ तिच्या खाली न्यायची. ती अंगावर येते आणि तुकडा असा काही ओढून घेते की मी ओरडलेच. दुखत नाही, पण अंगठा बाहेर राहिला तर तोही ओढला जातो. पोटाला हात लावला, मोदकाच्या उकडीसारखं मऊ आणि ओलसर गुळगुळीत. पाठीवर मध्यभागी मात्र बारीक काट्यांची रांग, हात उलटा फिरवला की खरखरतं.

मग तो खलाशी म्हणाला, हिचं चुंबन घेतलंत तर सात वर्षं नशीब फळफळतं. सगळ्या बोटींवर हेच सांगतात म्हणे. जावईबापूंनी लगेच घेतलं. बढतीचं काय होतं बघू.

आई, एक गोष्ट मात्र मला अजून पूर्ण पटलेली नाही. ही पाकटं मुळात रात्री चरणारी आणि बरीचशी एकएकटी राहणारी. इथली रोज दिवसा मिळणाऱ्या खाण्याला सोकावून दिवसा जागी राहतात आणि घोळक्यानं राहतात, असं तिथे अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञांना आढळलंय. खाणं काय द्यायचं, एका वेळी किती बोटी, याचे नियम केलेत, पाकटांना कायद्याचं संरक्षण आहे, सरकार त्यांची मोजणीही करतं. तरी शेकडो माणसांनी रोज कुरवाळावं हे त्यांना आवडत असेल असं काही मला वाटलं नाही. मी एकदाच भरवलं. चिऊनं हात लावला तेवढं पुरे. तुम्ही आलात तर नुसतं उभं राहून बघितलं तरी चालेल, मजा त्यातच जास्त आहे.

नंतर प्रवाळाच्या बांधाजवळ नेलं, मास्क आणि नळी लावून. तिथे पाणी दोन माणसं खोल, पण लाइफ जॅकेट असल्यानं तरंगायला कष्ट नाहीत. मासे भरपूर. बाबा, तुम्हाला किल्ल्याजवळ पोहायची सवय आहे, तुम्ही नक्की उतरा. आई बोटीत बसली तरी वरून दिसतं इतकं पाणी स्वच्छ.

परत आल्यावर वेळ होता म्हणून किनाऱ्यावर जेवलो. तिथे एक लक्षात ठेवा, केमनचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा महाग आहे. फळ्यावर १६ लिहिलेलं दिसलं की अमेरिकेचे २० जातात. जावईबापूंनी बिल बघून दोनदा बेरीज केली. तळलेला मासा चांगला होता, पण तिखट नावाला नाही. मी पर्समधून मिरचीपूड काढल्यावर बाजूच्या टेबलावरच्या आजोबांनी मागून घेतली.

तर एप्रिलसाठी याच बोटवाल्याला मी विचारून ठेवलंय. तुमच्या वेळी बंदरात दोनच जहाजं आहेत. मला फक्त दोन गोष्टी कळवा. आईच्या गुडघ्याला बोटीची उभी शिडी झेपेल का, हे डॉक्टरांना विचारून सांगा, कारण चार-पाच पायऱ्या हातांच्या जोरावर चढाव्या लागतात. झेपणार नसेल तर मागे उतरता फलाट असलेली दुसरी बोट बघते. आणि बाबांनी चष्म्याचा नंबर पाठवावा, नंबरचा मास्क इथे मिळतो पण मागवायला वेळ लागतो.

ताईला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. कोकमं आणणार असाल तर मीठ कमी लावलेली आणा, मागच्या वेळची फार खारट होती.

तुमची,
धाकटी