गवंड्याच्या हाताखाली दोन वर्षं शिकू द्या

प्रति,
मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

माझं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. भिंती दगड-विटांच्या, चुन्यातल्या. २०१९च्या महापुरानंतर आम्ही घाईनं सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर्षभरात भिंत फुगली, लोणा म्हणजे भिंतीतला क्षार फुटला, गिलाव्याचे पापुद्रे हातात येऊ लागले. शेवटी एक जुने मिस्त्री शोधून आणले. त्यांनी थापीच्या मुठीनं भिंत ठोकत आवाज ऐकला आणि म्हणाले, "सिमिट लावून भिताडाचं तोंड बांधलंसा, आता पाणी जाणार कुठनं?"

मग चुना भिजला, वाळूत मळला गेला. किती मळायचा ते त्यांनी मोजलं नाही. थापी उलटी धरायची, चुना चटकन पडला तर अजून मळायचा. हे पुस्तकातून शिकवता येत नाही, पंधरा दिवसांत तर नाहीच.

साहेब, कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री आहेत, पाथरवट आहेत, याचा आनंद आहे. पण तिथलं प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, पुढचं १५ किंवा जास्त दिवसांचं. ज्याच्या हातात कला आहे त्याला त्याचा उपयोग. नवशिक्या पोराचं काय? शिकाऊ उमेदवारी कायद्याची सक्ती ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना आहे. चारपेक्षा कमी माणसं असतील तर त्या योजनेत शिरताच येत नाही. आमच्या मिस्त्रींकडे ते स्वतः आणि एक मजूर. म्हणजे ज्याच्याकडे शिकण्यासारखं आहे, तोच उस्ताद म्हणून कागदावर येत नाही.

मिस्त्रींकडे एक पोरगा आला होता. ओळंबा धरायला शिकला, दर्जा म्हणजे दगड-विटांमधल्या फटी भरायला लागला आणि महिन्याभरात स्लॅबच्या कामावर गेला. तिथे रोजची मजुरी जास्त. त्याला दोष कसा देऊ? घरात आई आजारी.

माझी मागणी एवढीच. निदान दोन वर्षांची उमेदवारी एकट्या कारागिरालाही देता यावी. पोराला बिगाऱ्याइतका तरी रोज मिळावा आणि शिकवणाऱ्यालाही मानधन मिळावं, कारण शिकवताना त्याचं काम मागे पडतं. आणि सरकारी दुरुस्तीच्या निविदेतच अशा उमेदवारांची संख्या लिहावी. पन्हाळा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे, शाहू महाराजांनी उभारलेलं आणि ऑगस्ट २०२४च्या आगीत जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह आहे. या जिल्ह्यात शिकायला जागा कमी नाहीत.

मिस्त्री ७४ वर्षांचे आहेत. उंच परांचीवर आता चढत नाहीत, खाली खुर्ची टाकून बसतात आणि कुठं चुकलं ते सांगतात. येत्या जूनपासून एक पोर त्यांच्या शेजारी बसू शकेल, एवढी तजवीज करावी.

आपला,
शुक्रवार पेठेतील एक रहिवासी, कोल्हापूर