गोठ्याच्या तुळईतले भुंगे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा आई म्हणाली, "भुंगे गोठ्याच्या तुळईला भोकं पाडायलेत, बाबा त्यात औषध ओततो म्हणायलेत." फोनवर बाबा माझं पुरतं ऐकून घेत नाहीत, म्हणून लिहितेय. बाबा, ओतू नका.

ते लाकूड खात नाहीत. मादी बोगदा कोरते, परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते, भुश्याची भिंत घालते, मग पुढची खोली. घोंगावत अंगावर येतो तो नर, त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

आता तुमच्या वांग्यांचं. वांग्याच्या फुलातल्या परागकोशाला टोकाशी बारीक भोक असतं, तेवढंच. मधमाशीला त्यातून पराग काढता येत नाहीत. भुंगा मात्र फुलाला घट्ट धरून उडायचे स्नायू थरथरवतो आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग पडतात. सकाळी वाफ्यात उभे राहा, घूं घूं मध्येच बारीक होते ना, तेच ते. वांगं स्वतःच्या परागावरही धरतं, खरं आहे. पण भुंगा फिरला की जास्त धरतं. बांधावरच्या तुरीलाही हेच येतात.

इथे बेंगळुरूत आमचं सगळं लक्ष मधमाश्यांच्या पेट्यांवर. पेटीतल्या माश्या मेल्या तर दारात सडा दिसतो. भुंग्याची मादी एकटी राबते, ती परतली नाही तर कोण बघतंय? इमिडाक्लोप्रिडच्या गटातलं औषध थोडं पोटात गेलं तर माशी लगेच मरत नाही, घराची वाट चुकते. मला तर हेच जास्त वाईट वाटतं.

म्हणून वांग्यावर सकाळी फवारू नका, दिवस मावळल्यावर फवारा. त्याआधी सुकलेले शेंडे खुडून जाळा. अळी आत बसलेली असते, तिच्यापर्यंत फवारा पोचत नाही. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून अडकवणारे, खानापुरात नाही मिळाले तर मी पाठवते.

तुळईला रंग द्या, रंगवलेलं लाकूड भुंगे सहसा टाळतात. परसात वाळक्या बांबूचे तुकडे आडवे टांगा, एका टोकाचं पेर बंद ठेवून. शेजारी हसतील, हसू देत.

आई, गुडघ्याचं तेल संपलंय का, ते बाबांना न विचारता तूच सांग.

तुमची,
वैशू